सात दिवसांचं स्मूदी-डिटॉक्स, मधुमेहाची गोळी आणि बुधवारची संध्याकाळ

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या आणि ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या 47 वर्षांच्या एका बाईंनी दिवाळीनंतरच्या सोमवारी घरच्या घरी हिरव्या स्मूदीचं सात दिवसांचं डिटॉक्स सुरू केलं. बुधवारी संध्याकाळी ते थांबवावं लागलं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की त्यांनी केलेली प्रत्येक गोष्ट वरवर पाहता निरुपद्रवी होती. पालक, काकडी, सफरचंद, नारळपाणी यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. पण अशा प्रयोगात ग्लासात काय पडलं यापेक्षा ताटातून काय गेलं आणि गोळ्यांच्या डबीत काय तसंच राहिलं, हे आधी पाहायला हवं. इथे ते कुणीच पाहिलं नव्हतं.

सुरुवातीची परिस्थिती

वजन 74 किलो, उंची 156 सेंटिमीटर. टाइप 2 मधुमेह सहा वर्षांपासून, शेवटचं एचबीएवनसी (आधीच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 7.4. ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 ची एकत्र गोळी सकाळी. तीन वर्षांपूर्वी 5 मिलिमीटरचा मुतखडा आपोआप पडून गेलेला. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षभरापूर्वी 0.8, म्हणजे व्यवस्थित.

रोजचं खाणं साधं मराठी घरातलं: सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी, रात्री वरणभात आणि एखादी पोळी. दिवसाला तीन-चार कप चहा. दिवाळीत फराळ थोडा जास्त झाला, वजन दीड किलो वाढलं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात दिवसांचा एक तक्ता आला. तक्त्यात पाककृती नीट लिहिलेली होती. कुणी करू नये आणि औषधं चालू असतील तर काय करावं, याबद्दल एक ओळही नव्हती.

ग्लासात नेमकं काय होतं

प्रत्येक ग्लास साधारण 400 मिलिलिटरचा, दिवसाला चार. एका ग्लासात कच्चा पालक 80 ग्रॅम, काकडी 100 ग्रॅम, कच्चा दुधी 50 ग्रॅम, अर्धं सफरचंद, नारळपाणी 150 मिलिलिटर, चिया एक चहाचा चमचा, लिंबू आणि आलं. मीठ नाही, दूध-दही नाही, धान्य नाही, चहाही नाही. सोबत रोज 1000 मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सी ची एक गोळी.

आता हिशेब करू. एका ग्लासात सुमारे 140 कॅलरी आणि जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं. चार ग्लासांचे मिळून 560 कॅलरी आणि 18 ग्रॅम प्रथिनं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी (संदर्भ वजन 55 किलो) दिवसाला 1660 कॅलरी आणि सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशावर आली आणि प्रथिनं निम्म्याच्याही खाली गेली. पचून साखर होईल असं कर्बोदक दिवसाला 75 ते 80 ग्रॅम उरलं, तेही चार हप्त्यांत. गोळ्यांचा डोस मात्र तीन पोळ्या आणि वरणभाताच्या दिवसासाठी ठरवलेलाच राहिला.

पोटॅशियम उलट वाढलं. पालक आणि नारळपाणी या दोन्हींत ते भरपूर असतं, त्यामुळे बेरीज दिवसाला साडेचार ग्रॅमच्या आसपास जाते. निरोगी मूत्रपिंड हे सहज बाहेर टाकतं. पण टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं आणि पोटॅशियमची पातळी वर सरकते.

ऑक्झलेटचा, म्हणजे पालकासारख्या भाज्यांत असणाऱ्या आणि मुतखडे बनवणाऱ्या एका द्रव्याचा, मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. 100 ग्रॅम कच्च्या पालकात ऑक्झलेट साधारण 600 ते 900 मिलिग्रॅम असतं. रोजच्या मिश्र आहारातून दिवसभरात साधारण 100 ते 300 मिलिग्रॅम पोटात जातं. इथे दिवसाला 320 ग्रॅम पालक, म्हणजे दोन ते तीन ग्रॅम ऑक्झलेट. आतड्यात ऑक्झलेटला कॅल्शियम भेटलं की दोन्ही एकमेकांना बांधून घेतात आणि शौचावाटे निघून जातात. पालक-पनीर किंवा ताकातला पालक म्हणूनच पोटाला सोसतो. तक्त्यातून दूध-दही वगळलं आणि ही वाटच बंद झाली. मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं, मूत्रपिंडातून गाळलं जातं, आणि लघवी घट्ट असेल तर तिथेच कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे धरतात. व्हिटॅमिन सी चा मोठा डोस घेतला की त्याचाही काही भाग शरीरात ऑक्झलेटच होतो. ज्यांना आधीच एकदा खडा झालाय त्यांच्यासाठी याहून वाईट जुळणी सुचवणं अवघड आहे.

हे केवळ कागदावरचं भय नाही. अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस या नियतकालिकात 2018 मध्ये 65 वर्षांच्या एका स्त्रीची नोंद छापून आली. तिची मूत्रपिंडं आधी चांगली होती. हिरव्या स्मूदीच्या 'क्लीन्झ'नंतर, म्हणजे अशाच डिटॉक्सनंतर, मूत्रपिंडं ऑक्झलेटच्या स्फटिकांनी इतकी बिघडली, की पुन्हा सुधारली नाहीत. तिची पूर्वी गॅस्ट्रिक बायपास ही वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि नुकताच अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स झाला होता. दोन्हींचा इथे थेट संबंध आहे: बायपासनंतर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं, आणि आतड्यात ऑक्झलेट खाऊन टाकणारे जीवाणू अँटिबायोटिकने मरतात. सगळ्यांना असं होतं असा याचा अर्थ नाही. पण स्मूदी सुरू करण्याआधी हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

तीन दिवसांचा घटनाक्रम

सोमवारी दुपारपासून डोकं ठणकू लागलं. ग्रुपवर विचारल्यावर उत्तर आलं, 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे.' खरं कारण चहा होतं. रोज तीन-चार कप घेणाऱ्यानं चहा एकदम सोडला की 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकते. नको असलेली द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोज करतात. निरोगी मूत्रपिंडं 24 तासांत सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, आणि पालक प्यायल्यानं या कामाला वेग येत नाही. या गैरसमजाची आम्हाला मनापासून चीड आहे. त्रासालाच सुधारणा म्हणायची सवय एकदा लागली, की माणूस खऱ्या धोक्याच्या खुणाही आनंदानं सोसतो.

मंगळवारी सकाळी काट्यावर 1.4 किलो कमी दिसलं. यात चरबी नगण्य होती. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदक एकदम तोडलं की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. पुन्हा जेवायला लागलं की वजन परत येतं.

मंगळवारी दुपारपासून पातळ जुलाब, दिवसाला चार-पाच वेळा. याची कारणं दोन. एक, कच्च्या भाजीचा चोथा आणि सफरचंदातलं सॉर्बिटॉल एकदम इतक्या प्रमाणात पोटाला झेपलं नाही. दुसरं कारण जास्त गंभीर. त्या पहाटे सहाला दिवसभराची स्मूदी एकदम करून ठेवत. दोन बाटल्या बॅगेत, ठाणे ते ऐरोली गर्दीची लोकल, मग ऑफिसच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत. जांभळी नाक्यावरून आणलेला पालक एकदाच पाण्यातून काढलेला, देठाच्या बुडाशी माती तशीच. न शिजवलेला, बारीक वाटलेला पाला खोलीच्या तापमानाला आठ-दहा तास ठेवला की त्यात जंतू वाढायला आणखी काही लागत नाही.

बुधवारी सकाळी दोन्ही गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या. जुलाबाच्या भीतीनं चारचा ग्लास घेतला नाही. पावणेसहाला हात थरथरू लागले, कपाळावर गार घाम आला, समोरच्या स्क्रीनवरची अक्षरं दोन-दोन दिसू लागली. सहकारी त्यांना हाताला धरून कंपनीच्या मेडिकल रूममध्ये घेऊन गेली. 'ताई, आधी आडव्या व्हा, बोट द्या इकडे,' म्हणत सिस्टरांनी साखर तपासली. 58. 70 च्या खाली उपचार लागतोच.

इथे एक चूक झाली, आणि ती घरोघरी होण्यासारखी आहे. सहकारी म्हणाली, 'हिची स्मूदी आहे ना बॅगेत,' आणि अर्धी बाटली पाजली. वीस मिनिटांनी साखर 61. अर्ध्या बाटलीत विरघळलेली साखर फार तर सात-आठ ग्रॅम, तीही चोथ्यात अडकलेली, त्यामुळे ती रक्तात पोचायला वेळ लागला. चॉकलेट दिलं असतं तरी असंच झालं असतं, कारण त्यातली चरबी जठर रिकामं व्हायला वेळ लावते. अशा वेळी 15 ग्रॅम झटकन शोषली जाणारी साखर लागते: ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर चार चहाचे चमचे सपाट, अर्ध्या कप पाण्यात ढवळून. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, 70 च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. सिस्टरांनी साखरेचं पाणी दिल्यावर 15 मिनिटांत 92 आली. नंतर पोळी किंवा बिस्किटं आणि दूध असं काही टिकाऊ खायला हवं. ग्लिमेपिराइडचा असर चोवीस तासांपर्यंत राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ 108 ला फोन करायचा.

हे घडलं कारण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यात साखर अशी कोसळणं दुर्मीळ. 'मला मधुमेह आहे, स्मूदी चालेल का' एवढ्याच प्रश्नाला म्हणून उत्तर देता येत नाही. गोळीचं नाव कळायला हवं.

रक्तदाब आडव्या स्थितीत 104/66, उभं राहिल्यावर 88/58. मीठ बंद, जुलाब चालू, आणि वर लघवीतून मीठ-पाणी काढणारी हायड्रोक्लोरोथायझाइड.

तपासण्या आणि उपचार

दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत सोडियम 131 म्हणजे कमी, पोटॅशियम 5.2 म्हणजे थोडं जास्त, क्रिएटिनिन 1.2 म्हणजे आधीपेक्षा वाढलेलं. लघवीत कीटोन (शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं) थोडे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात 3 मिलिमीटरचा खडा. तीन दिवसांत असा खडा तयार होतो असं आम्ही म्हणत नाही, तो आधीपासून असण्याचीच शक्यता जास्त. पण मग प्रयोगाच्या आधीही तो तिथे होता, आणि रोज दोन-तीन ग्रॅम ऑक्झलेट त्याच्यावर जात होतं.

त्यांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी जुलाब थांबेपर्यंत बंद ठेवली, ग्लिमेपिराइड थांबवून साखरेवर लक्ष ठेवलं आणि व्हिटॅमिन सी बंद केलं. ओआरएस, मऊ भात, मुगाचं वरण, ताक. नारळपाणी पोटॅशियम उतरेपर्यंत वर्ज्य. हा मुद्दा घरच्यांना पटवायला वेळ लागला, कारण आजारी माणसाला शहाळं द्यायचं ही आपली जुनी रीत. पाच दिवसांनी सोडियम 138, पोटॅशियम 4.4, क्रिएटिनिन 0.9. औषधं टप्प्याटप्प्यानं पुन्हा सुरू झाली, ग्लिमेपिराइड निम्म्या डोसवर. हे निर्णय त्यांच्यापुरते आणि त्यांच्या डॉक्टरांचे आहेत. ते वाचून कुणी आपल्या गोळ्या बदलू नयेत.

दुधीबद्दल, वेगळं

या प्रकरणात दुधी कडू नव्हता. तरीही त्यावर थांबायला हवं, कारण कच्चा दुधी लिंबू-आल्याबरोबर वाटणं ही तक्त्यातली सगळ्यात बेजबाबदार सूचना होती. दुधी आणि काकडी ज्या कुळातल्या, त्यात क्युकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं कधीकधी जास्त तयार होतात. अशा कडू दुधीचा रस प्यायल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात उलट्या, जुलाब, उलटीतून रक्त, रक्तदाब कोसळणं असं होतं. देशात यामुळे मृत्यूही झाले आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमून कडू रस पिऊ नये असं बजावलं आहे. शिजवून हा कडूपणा जात नाही. दुधी चिरला की देठाकडची एक चकती जिभेला लावून पाहायची, किंचितही कडू लागली तर अख्खा दुधी टाकायचा. लिंबू, आलं, पुदिना घातल्यावर चव कळत नाही, म्हणून चाखणं वाटण्याआधी. सकाळी तलावपाळीला किंवा उपवनला फेरी मारून बाहेरच्या गाडीवर मिश्र रस घेणाऱ्यांनाही हेच लागू. आपल्यासमोर चाखलेला नसेल तर दुधी नको म्हणावं.

नंतर काय बसवलं

बाईंना स्मूदी आवडली होती. सकाळच्या घाईत ती सोयीची होती आणि भाज्या पोटात जात होत्या. ती तोडून टाकण्यात अर्थ नव्हता. म्हणून दिवसाला एकच ग्लास, नाश्त्याच्या जागी, आणि दुपार-रात्रीचं जेवण नेहमीचं, अशी मांडणी केली. पालक काढला. खडा झालेल्यांसाठी माठही नको, त्यातही ऑक्झलेट पालकाइतकंच भारी. कोथिंबिरीत ते फारच कमी.

एका ग्लासाला: घरचं दही 200 ग्रॅम, सालासकट काकडी 100 ग्रॅम, बिया काढलेला पेरू 80 ग्रॅम, पंढरपुरी डाळं दळून 25 ग्रॅम, भोपळ्याच्या बिया 10 ग्रॅम, मूठभर कोथिंबीर, भाजलेलं जिरं, चिमूटभर मीठ, लागेल तसं पाणी. सुमारे 330 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे जुन्या ग्लासाच्या जवळजवळ चौपट. दह्यातलं कॅल्शियम आहे, मीठ आहे, आणि डाळव्यामुळे साखर हळूहळू चढते.

वाटण्याचा क्रम पाळला तर मिक्सर अडकत नाही. आधी डाळं आणि बिया कोरड्याच चटणीच्या भांड्यात पूड करायच्या. मग मोठ्या भांड्यात पाणी, काकडी, कोथिंबीर, पेरू घालून 40 सेकंद, शेवटी दही आणि पूड घालून फक्त 10 सेकंद. दही आधी घातलं तर फेस येऊन भांडं उतू जातं आणि पाला नीट वाटला जात नाही. गाळायचं नाही, कारण चोथा टाकला की उरतं ते साखरेचं पाणी. पेरूची एखादी बी राहिली तर दाताखाली येते, म्हणून पेरू पिकलेला घेऊन चमच्यानं गर काढावा.

तासाभरात संपवायची. ऑफिसला न्यायचीच असेल तर रात्री घटक कापून फ्रीजमध्ये, सकाळी वाटून गार केलेल्या थर्मासमध्ये, आणि दहा वाजायच्या आत पिऊन टाकायची. कोथिंबीर मुळं कापून, तीन पाण्यांतून, प्रत्येक वेळी वर उचलून काढायची. पाणी ओतून टाकलं तर तळाची माती पुन्हा पाल्यावर बसते.

खड्याचा इतिहास नसलेल्या घरच्या मंडळींना पालकच हवा असेल तर 40 ग्रॅम, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाकून, ते पाणी फेकून, मग दह्याबरोबर. विरघळणारं ऑक्झलेट बऱ्यापैकी त्या पाण्यात जातं आणि जंतूही मरतात. थोडं व्हिटॅमिन सी जातं, जाऊ द्यावं.

एकच ग्लास असला तरी काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारावंच: वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणारे, कारण पाल्यातल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा असर घटतो. क्रिएटिनिन वाढलेले. गर्भवती. आणि नुसत्या स्मूदीवर दिवस काढण्याचा विचार इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी करूच नये. या दुसऱ्या गोळीत उपाशीपोटी साखर फारशी न वाढताही रक्त आम्ल होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटर ते दाखवत नाही.

तीन महिन्यांनी वजन 71.6, एचबीएवनसी 7.0, साखर 70 च्या खाली एकदाही नाही. चहा दोन कपांवर आला, तोही आठवड्याला एकेक कप कमी करत, त्यामुळे डोकं दुखलं नाही. पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे शेजारच्या टेबलावरच्या दोघींना माहीत आहे. पुढच्या एकादशीला उपास करायचा आहे म्हणून त्यांनी चार दिवस आधी डॉक्टरांना फोन केला. संध्याकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड त्या दिवसापुरतं वगळायचं आणि दुपारी चारला साखर तपासायची, असं ठरलं.